माझ्या नावाने मागितलेली माफी

“आडनाव काय म्हणालात?” बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

मी सांगितलं. “बरं, बरं,” म्हणत त्या एक खुर्ची सोडून बसल्या.

जपानमधल्या त्सुकुबातल्या सरकारी बालकेंद्राचा तो व्हरांडा. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. बाई पुण्याच्या, नवरा इथे शास्त्रज्ञ, जपानी फर्डं. केंद्रानेच त्यांना दुभाषी म्हणून बोलावलं होतं. माझा नवरा हॉटेलात तंदूर सांभाळायचा, मी बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या, कारखान्यात डब्यांत भात भरायचे. मुलगी सात वर्षांची, माझ्या आईकडून नुकतीच इकडे आणलेली. आम्ही कामावर असताना तिने पोळी गरम करायला घेतली आणि मनगटाला तवा लागला. शाळेला वाटलं, आम्हीच चटका दिला. केंद्राची माणसं तिला शाळेतूनच परस्पर घेऊन गेली, चौकशी होईपर्यंत तिथेच ठेवायला.

चौकशी होऊ द्या, मी आडवी आले नव्हते. पण त्या दिवशी मी तक्रार घेऊन आले होते. आदल्या भेटीत पोरगी म्हणाली होती, “आई, मी भिंतीकडे तोंड करून जेवते.”

का, तर तिने भात हाताने खाल्ला. मुलं हसली. मग तिला वेगळं टेबल. जेवायच्या काड्या नीट धरता येईपर्यंत तिथेच.

वेगळं बसणं मला ठाऊक होतं. गावच्या शाळेत माझी जागा दाराशी, चपलांच्या शेजारी. तिथे बसूनच मी लिहायला शिकले. समुद्र ओलांडून आले ते पोरीला हे दिसू नये म्हणून, आणि तिच्याही वाट्याला भिंतच आली. मी इतकी थकले होते की रडूही येत नव्हतं.

“अहो, शिस्त लावतायत. चांगलंच आहे की,” बाई म्हणाल्या. “घरी वळण नसलं की बाहेरच्यांना लावावं लागतं.”

“वेगळं बसवलंय तिला.”

“तेच धरून बसू नका. तक्रार केलीत तर सोडायला वेळ लावतील. आणि इथे आपल्या लोकांचं नाव आहे, ते घालवू नका.”

मी आपल्या लोकांत कधीपासून आले, असं विचारायचं ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात आत बोलावलं. केंद्राचे साहेब करड्या सुटात, सभ्य, हसतमुख. मी मराठीत दोनच वाक्यं बोलले. माझ्या मुलीला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. ज्याने भिंतीकडे बसवलं त्याने तिची माफी मागावी.

बाई बराच वेळ बोलल्या. मग कमरेतून वाकल्या. साहेबांनी समाधानाने मान डोलावली.

बाईंना वाटलं असेल, हिला काय कळतंय. जपानी मला मोडकंच यायचं. पण माफीचे शब्द पक्के पाठ होते. कारखान्यात झाकण वाकडं लागलं की तेच, डबा मागे पडला की तेच, काही चुकलं नाही तरी तेच. बाई माझ्या नावाने माफी मागत होत्या. बाकीचं अर्धंमुर्धं कळलं, त्यात ‘आई अडाणी आहे’ हे स्वच्छ कळलं.

डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले.

“बाई, थांबा.”

“बसा हो. मी सांभाळते.”

“नका सांभाळू.”

साहेबांकडे वळले. येत होतं तेवढ्या जपानीत म्हणाले, “मी माफी मागत नाही. मुलगी भिंतीकडे जेवते. वाईट आहे. तुम्ही माफी मागा.”

साहेबांचं हसू मावळलं. बाई पर्स उचलून म्हणाल्या, “यापुढे मला बोलावू नका.” मी कशाला बोलावते!

बाईंचं एक मात्र खरं ठरलं. केंद्राने भेटी कमी केल्या, पोरीचं घरी येणं लांबवलं. नवरा एकदाच म्हणाला, “गप्प बसली असतीस तर?” पोरीला सगळ्यांत बसवलं, एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही.

थंडी सरताना ती घरी आली. मी वरणभात कालवून पुढे ठेवला. तिने हात मांडीखाली सरकवला आणि चमचा मागितला.

तिची माफी राहिली होती, म्हणून मी परत केंद्रात गेले. “मुलगी दिली ना तुम्हाला?” साहेब म्हणाले. दिली. पण व्हरांड्यात एक जपानी बाई मान खाली घालून बसली होती. विचारलं तर कळलं, आता तिचा मुलगा भिंतीकडे तोंड करून जेवत होता. आत जाऊन काय बोलायचं याची ती पुटपुटत तयारी करत होती, आणि ते सगळे माफीचे शब्द होते.

मी तिच्या शेजारी बसले. मधे खुर्ची सोडली नाही. म्हटलं, “वाकू नका. आपण दोघी आत जाऊ.”

तिने हळूच मान हलवली. माझा सुट्टीचा वार गुरुवार. तिथे एका जरी पोराचं ताट वेगळं असेल, तर माझे सगळे गुरुवार मी तिथेच घालवणार आहे. अंग आंबलेलं असलं तरी. पुढच्या वेळी ती आली नाही, तर एकटी जाईन.