पोट नसलेले गणपती

चतुर्थीच्या आदल्या दिवशी इन्सुलीतल्या शिवा मेस्त्रीच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, वीस-पंचवीस माणसं आपापला गणपती न्यायला उभी होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत काशीबाईंनी आपल्या गणपतीच्या पोटावर बोट ठेवलं. रंग वाळलेला होता म्हणून बरं.

"शिवा, माझो गणपती असो सुकलो कित्याक रे? आजारी आसा काय?"

म्हातारीला दिसत नाही, असं शिवाला वाटलं. हसण्यावारी न्यावं म्हणून तो मूर्तींकडे वळला मात्र, आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. फळ्यांवर ओळीने त्रेचाळीस गणपती बसले होते आणि एकालाही पोट नव्हतं. छाती रुंद, खांदे भरलेले, कंबर बारीक, आणि पोटाच्या जागी सपाट. दोघातिघांना तर, अहो, बेंबीच्या वर चक्क पट्ट्या उमटल्या होत्या! दोन महिने याच हातांनी माती थापली, घासली, रंगवली. रोज बघितली. आणि एकदाही दिसलं नाही? 

काशीबाईंनी गणपती नेला, देवाला काय वाऱ्यावर सोडतात? पण जाताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, की पुढच्या वर्षी पाट खंय द्यायचो, ता बघूया. आता आमच्याकडे पाट म्हणजे काय, हे सांगायला हवं. प्रत्येक घराचा एक लाकडी पाट असतो. पावसाळ्यात तो शाळेत पोचवायचा, त्याच्यावरच मूर्ती घडवायची. पिढ्यानपिढ्या घर तेच आणि शाळाही तीच. पाट दुसरीकडे गेला तर गावभर बोभाटा होतो. आणि काशीबाईंच्या घरचा पाट तर शिवाच्या आजोबांकडे आलेला पहिला पाट. तो आला की मगच बाकीचे येतात, असं सगळा गाव मानतो.

हे खूळ शिवाच्या डोक्यात शिरलं ते एका सिनेमामुळे. त्या सिनेमातला हिरो, रुद्रवीर, उघड्या अंगाने समुद्रातून बाहेर येतो. चौतीस वर्षांचा, बायकोपोरांचा हा घोडा म्हापशाच्या थिएटरात तो सिनेमा चार वेळा बघून आला. शाळेत बापाच्या, बाबली मेस्त्रींच्या, फोटोशेजारी रुद्रवीरचं हे एवढं मोठं पोस्टर लागलं. हिरोचा वाढदिवस, छातीचं माप, बुटाचा नंबर, सगळं याला तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला सांगावी लागे.

मग भात सुटला. सावंतवाडीची जिम सुरू झाली. उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढून टाकायचं, पांढरं तेवढं खायचं, सोबत काकडी. वर सकाळ-संध्याकाळ आरशासमोर शर्ट वर करून उभं राहायचं. रश्मी, त्याची बायको, चांगली शहाणी बाई. आधी ती चिडली, मग रडली, मग तिने बोलणं सोडलं आणि फक्त त्याचे आत जाणारे गाल बघत राहिली. इतकं करूनही पोटावर हिरोसारख्या त्या सहा वड्या काही उठल्या नाहीत. हाडं मात्र वर आली. शिवाला वाटे आपण कमी पडतो, अजून खाणं तोडायला हवं. आणि रात्रंदिवस जे डोळ्यांत, ते हातांतून मातीत उतरलं. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही!

पुढच्या मे महिन्यात आक्रीतच घडलं. आरोंद्याच्या खाडीवर शूटिंग आलं, आणि ते रुद्रवीरचंच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मेकअपवाल्याचा कॉम्प्रेसर आमच्याकडच्या विजेने जाळला. स्प्रेगन चालवणारा माणूस पाहिजे म्हणून शोधाशोध झाली आणि कुणीतरी गणपती रंगवणाऱ्या शिवाचं नाव घेतलं. शिवाने कॉम्प्रेसर दोरीने मोटारसायकलवर बांधला, डबा घेतला, आणि वाऱ्यासारखा सुटला. काय बोलायचं हे त्याने वाटेत दहा वेळा घोकलं.

तंबूत रुद्रवीर उघडा उभा होता. मेकअपवाल्याने शिवाच्या हातात तपकिरी रंगाची बाटली दिली आणि हिरोच्या पोटाकडे बोट करून सांगितलं, की इथे सहा वड्या काढ.

काढ? शिवाला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकतोय. त्याने पुन्हा विचारलं. मेकअपवाला वैतागला. छाती, खांदे देवाच्या दयेने आहेत, पण पोटावर सावली मारल्याशिवाय कॅमेऱ्यात काही दिसत नाही, दर वेळी मारावीच लागते, त्यात काय एवढं, म्हणाला. शिवाने जवळून बघितलं. साधं पोट होतं. थोडं सैल, बेंबीजवळ एक जुना व्रण, तुमचं-माझं असतं तसं. दोन वर्षं ज्याच्यासाठी आतडी पिळवटली, ते पोस्टरवरचं पोट कुणीतरी असंच बाटलीतून काढलेलं होतं!

शिवाच्या कानात नुसतं घोंघावत होतं. हात मात्र सवयीचे. पितांबराच्या चुण्यांना मारतो तशी सावली त्याने मारली, एकेक वडी उठवली. मेकअपवाला खूश झाला. रुद्रवीर दात आवळून श्वास रोखून उभा होता आणि त्याचे पाय कापत होते. जरा लवकर कर, तो हलकेच हिंदीत म्हणाला, काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही, पाणीही प्यालेलो नाही. पाणी प्यालं की अंग फुगतं, म्हणून हे!

दोन शॉट झाले. रुद्रवीर खुर्चीत येऊन पडला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिसरा शॉट बाकी होता म्हणून कुणीतरी ओल्या कापसाने ते नुसते पुसले. त्याची नजर शिवाच्या डब्यावर गेली. गावचा माणूस, डब्यात माशाचं सार-भात असणार असं त्याला वाटलं असावं; खायचं नसलं तरी वास तरी घ्यावा. डबा उघड, त्याने खुणावलं. शिवाने उघडला. आत दोन अंड्यांचं पांढरं आणि काकडीचे चार काप.

रुद्रवीर हसायला लागला. मग हसू थांबलं. हे तू का खातोस, त्याने विचारलं.

तुमच्यासारखं व्हायला, शिवा म्हणाला. घोकलेलं बाकी सगळं विसरून गेला होता.

 रुद्रवीरने मान खाली घालून स्वतःच्या रंगवलेल्या पोटाकडे बघितलं, मग शिवाच्या खोल गेलेल्या गालांकडे, आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात तिसऱ्या शॉटची हाक आली.

शिवा घरी आला. पोस्टर काढायला त्याचा हात धजला नाही, आणि भात वाढ म्हणायलाही तोंड उघडलं नाही. ज्या गोष्टीवरून बायकोला दोन वर्षं छळलं, ती खोटी होती हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आषाढ लागला. शेजारच्या वाडीतल्या शाळेत पाट जाऊ लागले. शिवाच्या दारात एकही नाही. कारागिराने पाट मागायला जायचं नसतं, त्याच्या आजोबांनी किंवा बापाने कधी मागितला नव्हता. शिवा गेला. पावसात भिजत काशीबाईंच्या पडवीत जाऊन उभा राहिला.

काशीबाईंनी पाटाचं नाव काढलं नाही. त्याला अंग पुसायला टॉवेल दिला, समोर ताट मांडलं. उकडा भात आणि बांगड्याचं झणझणीत तिखलं. शिवा म्हणाला, मावशे, माका पाट होयो.

"उपाशी माणसाच्या हातचो देव माका नको," काशीबाई म्हणाल्या. "आधी जेव."

पहिला घास तो कितीतरी वेळ चावत राहिला. दुसरा उतरला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखल्याचं नव्हतं. जेवता जेवता त्याने म्हातारीला सगळं सांगितलं: तंबू, बाटली, सहा वड्या, ओला कापूस, अंड्याचा डबा. रश्मीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काशीबाई भात वाढत गेल्या आणि ऐकत गेल्या. हसतील, चार शब्द सुनावतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती. ताट रिकामं झालं तशा त्या उठल्या, आत जाऊन धुऊन पुसलेला पाट घेऊन आल्या आणि त्याच्या शेजारी ठेवला. म्हणजे तो त्याच्यासाठी काढूनच ठेवलेला होता.

मग त्या विचारात पडल्यासारख्या म्हणाल्या, "आणि त्या झिलाक कोणी जेवूक घातल्यान काय नाय?"

रुद्रवीरला? कुणी नाही, शिवा म्हणाला.

"तू होतंस मां थंय?"

शिवाचा हात पाटावरच राहिला. त्या माणसाच्या बुटाचा नंबर याला ठाऊक होता. छातीचं माप ठाऊक होतं. आरोंद्यात पावलापावलावर माशाचं जेवण मिळतं, दोन मिनिटांत भाताचं ताट आणता आलं असतं. खाल्लं असतं का नसतं, ती पुढची गोष्ट. पण तो भुकेला जीव समोर पांढऱ्या ओठांनी बसलेला असताना, दोन वर्षं ज्याची पूजा केली त्याला जेवतोस का म्हणून विचारावं, हे शिवाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.