बाटलीतलं बियाणं

भंडाऱ्याच्या बस स्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मी थांबतो.

बपेरा गावचा शालिक ढिवर, तलावात शिंगाडा लावणाऱ्या घरातला, माझ्यासोबत फौजेत होता. शांतिसेनेतून आफ्रिकेत असताना एका सुट्टीत आम्ही दोघं विझलेला ज्वालामुखी चढलो. त्याच्या तोंडात तळं होतं. वर श्वास पुरेना. माझं पाणी संपलं होतं. शालिकची एक बाटली मात्र भरलेली.

"दोन घोट दे ना बे."

"प्याचं नाही थे. शिंगाड्याचं बियाणं हाय, सुकलं की मरते."

मी रागारागाने उरलेला चढ चढलो. काठावर त्याने बाटली बर्फगार पाण्यात रिकामी केली.

"या थंडीत उगवते काय?"

"एवढं तळं रिकामं कसं ठेवाचं?"

तेव्हा तो मला येडा वाटला. आता शालिक नाही, आणि त्याच्या तलावात शिंगाडा लावणारंही कोणी नाही.

आज गुडघे चोळत शिंगाडेवालीला विचारलं, "कच्चे आहेत काय बाई?"

"कच्चे कायले पायजे?"

"तलाव रिकामा हाय," म्हणालो, आणि माझी पाण्याने भरलेली बाटली, न पिता, बियाणं टाकायला तिच्यापुढे उघडून धरली.