पिशव्या नको म्हणत होत्या

“पाऊण तासाचं तर अंतर, आणि तीन वर्षं तुझा पाय निघेना होय गं?” फोनवर थोरली कडाडली. “रोज त्या विमानात शिरतेस की!”

“शिरते ती जमिनीवर असताना, ताई. उडायच्या आत उतरते.”

“मग ऐक. उद्या सकाळी डॉक्टर डोळा कापणार. दुसरा तर केव्हाच गेलाय. तू शेजारी असलीस तर टेबलावर चढेन. नाहीतर राहिलं, मरेन चाचपडत!”

फोन बंद.

धाकटी विमान झाडायची. दोन गावांत मधे आडवा डोंगर. बस त्याला वळसा घालता घालता दिवस खाते, आणि आजची तर सकाळीच गेलेली. विमान मात्र डोंगराच्या टाळक्यावरून सरळ जातं. उतारू उतरले की नवे चढेपर्यंत आत धाकटीचं राज्य. चुरा झाडायचा, सीटच्या पट्ट्यांची फुली घालायची आणि प्रत्येक सीटच्या खिशातली ओकायची कागदी पिशवी बघायची. कोरडी असली तर परत खिशात, भरलेली असली तर बादलीत. आकाशाबद्दल तिला जे काही ठाऊक होतं, ते त्या बादलीनंच शिकवलेलं. बडी बडी माणसं तोऱ्यात चढतात आणि पोटातलं सगळं मागे ठेवून जातात, एवढंच तिनं वर्षानुवर्षं पाहिलं. भीती बसेल नाहीतर काय!

तिकीटवाला म्हणाला, “मावशी, संध्याकाळच्या फेरीला एक सीट रिकामी आहे. साहेबांना विचारलंय मी. जाताय ना?”

“आधी पिशव्या बघते. कोरड्या निघाल्या तर जाते.”

विमान आलं. पहिल्याच रांगेत भरलेली. मग तिसऱ्या रांगेत. मागे तर एका बहाद्दरानं शेजाऱ्याचीही वापरलेली. जड बादली घेऊन ती शिडी उतरली.

“काय म्हणतात पिशव्या?”

“नको म्हणतात.”

“मग?”

“त्यांचं काय जातंय? त्यांची बहीण नाही तिकडे!”

तिनं बादली रिकामी केली, हात खसखसून धुतले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. स्वतःच घातलेली फुली सोडून पट्टा कमरेला आवळला.

डोंगरावर विमान विहिरीत घागर सोडावी तसं खाली गेलं. धाकटीनं ना खिडकी पाहिली, ना देव आठवला. पिशवी तेवढी वेळेवर सापडली.

उतरताना तिथली झाडणारी बादली घेऊन आत आली. धाकटीच्या मुठीकडे बघून म्हणाली, “द्या इकडे, बाई. माझं कामच आहे ते.”

“मेले तरी देणार नाही. माझी मी टाकते.”

सकाळी थोरलीचा हात तिनं ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.

“आलीसच शेवटी! लागला किती वेळ?”

“पाऊण तास.”

“बघ! आणि एवढ्यासाठी तीन वर्षं नखरे!”

“पाऊण तास केवढा असतो ते तुला काय माहीत!”

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. थोरलीनं डोळा किलकिला केला, बराच वेळ बहिणीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “किती वाळलीस गं! आणि केस कधी पिकले?” धाकटी रडायच्या बेतात होती, पण तेवढ्यात थोरलीनं चहा मागितला.

परतीच्या विमानातून सगळे उतरले तरी धाकटी शेवटच्या रांगेत बसून होती. खालून तिकीटवाला ओरडला, “मावशी, आलात की नाही?”

“आले. बादली द्या वर.”

तिनं बाह्या सारल्या आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. शेवटच्या रांगेतली पिशवी तेवढी तिनं न बघताच बादलीत टाकली.