मधल्या पानातला ओला कापूस

माझी कथा दोनदा परत आली. दोन्ही वेळा संपादकांनी एकच ओळ लिहिली होती : भाषा चांगली आहे, कथेत जीव नाही. तिसऱ्यांदा पाठवायची तर संक्रांतीच्या आत, नंतर अंक छापायला जाणार. मी परभणीत शाळेवर मराठी शिकवतो. पोरांच्या निबंधांवर हीच ओळ मी वर्षानुवर्षं लाल पेनाने लिहीत आलोय. तिचा अर्थ काय, हे मात्र मला विचारू नका.

लेखन सुधारायला जे जे सांगतात ते सगळं केलं. पहाटे उठून लिहिलं; त्यात फक्त चहा वाढला. मोबाइलवर एकाने सांगितलं, झाडाशी बोला. गच्चीवरून कडुलिंबाशी बोललो, तर शेजारीण बायकोला विचारून गेली, सरांची तब्येत बरी आहे ना.

शेवटी कागद घेऊन मेहुण्याकडे मानवतला गेलो. तो एका जिनिंग मिलवर, सरकी काढायला आलेल्या कापसाची प्रत ठरवतो. वाचनाशी त्याचा संबंध लग्नपत्रिकेपुरता. पण मला कुणीतरी वाहवा करायला हवं होतं.

तो एका टेम्पोवर चढला होता. वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे त्याने पाहिलंही नाही. खांद्यापर्यंत हात खुपसून मधला मूठभर काढला, दाबला आणि म्हणाला, "पाणी मारलंय." वजन वाढावं म्हणून काही जण मधल्या थरावर पाणी शिंपडतात. कॉलेजात असताना आमच्या घरी ते काम माझ्याकडेच होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

खाली उतरून त्याने माझे कागद घेतले आणि मधलंच पान ओढलं.

"अरे, पहिल्यापासून वाच. सूर्योदय लय मेहनतीनं लिहिलाय."

"वर समदेच चांगला माल लावतेत, दाजी."

कथेत एक बाप लेकीला एसटीने सासरी सोडायला निघतो. मेहुणा ओठ हलवत वाचत होता. बापाचं काळीज गलबललं, डोळ्यांतून आसवांचा पूर, मग पुन्हा काळीज.

"हे आमचे बाबाच हायेत न्हवं? आक्काला तुमच्याकडं सोडायला आल्ते ते?"

"तसंच काहीसं."

"मग रडायलेत कशाला? ते तर पालमपासून कंडक्टरशी भांडत आले. ज्वारीच्या पोत्याचं तिकीट मागितलं म्हणून. शेवटी पोतं आपल्या सीटवर ठिवलं अन् म्हणले, माझ्या तिकिटावर हे बसंल. परभणीपर्यंत उभे. मी मागंच होतो. तुमाला ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. बायकोने कितीदा सांगितलंय. कथेत शोभणार नाही म्हणून मीच पोतं खाली उतरवलं होतं.

चिडून घरी आलो आणि चार दिवसांत कथा नव्याने लिहिली. परवा पुन्हा मानवत गाठलं. पठ्ठ्याने पुन्हा मधलंच पान ओढलं.

"पोतं कुठाय?"

"पहिल्याच पानावर. वाचक लगेच धरला पाहिजे."

"म्हंजे परत वरच लावलं." त्याने पुढे वाचलं. बाप जावयाच्या दारात पोचतो, जावई नम्रपणे वाकतो, काळीज गलबलतं. मेहुणा मान वर न करता म्हणाला, "दाजी, दारात कोण हुतं?"

"मी."

"मग आसं झाल्तं का?"

मी कागदांसाठी हात पुढे केला. तो कागद हातात देऊन पुढच्या टेम्पोकडे गेला.

दारात मी शाळेतल्या दोन मित्रांबरोबर उभा होतो. सासरे रिक्षातून उतरून पोतं पाठीवर घेऊन आले, घामाघूम; बायको आणि मेहुणा मागे बॅगा उतरवत होते. मित्रांकडे बघत मी हसून म्हणालो, "हे कशाला आणलं, इथं दुकानात मिळती की ज्वारी." त्यांनी पोतं दाराशी टेकवलं आणि पाणी मागितलं. तो सगळा प्रवास ते उभे होते, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी काही बोललो नाही, आणि आता ते ऐकायला सासरे नाहीत.

आज संक्रांतीला दोनच दिवस उरलेत. सूर्योदय काढून टाकला. काळजं मोजून सात निघाली, तीही काढली. मधल्या पानावर माझं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. पुढची ओळ सुचत नाही, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारायलीय, "सकाळपासून काय लिहायलात एवढं? दाखवा तरी."

पान हाताखाली दाबून बसलोय.