नखाखालची गाठ

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे पित्ताशयातले खडे आमच्या शोकेसमध्ये ठेवलेले आहेत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी छोट्या डबीत घालून दिले होते. पाहुणे आले की डबी निघते. "बापरे, एवढे!" म्हणत ते ती हलवून बघतात आणि आत चहा टाकता टाकता मी जळून खाक होते. खोटं कशाला बोलू?

दुखत तर मलाही होतं. उजव्या अनामिकेच्या नखाखाली. थंडीत टाकीचं गार पाणी लागलं की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. पण दाखवायला ना सूज, ना पू. "नखुरडं असंल. लिंबात बोट खुपसून ठेव वं," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे बोटाच्या कुठल्याही दुखण्याला हा एकच इलाज. फ्रिजमधलं लिंबू बोटावर चढवलं आणि मी किंचाळले. तेव्हापासून मी नाटकी ठरले. "भांडी दिसली की हिचं बोट दुखते," जाऊबाई हसायच्या. त्यांच्या पोटावर मात्र सासूबाई स्वतः शेक धरायच्या.

काही वर्षांनी धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी नखावर टाचणीचं टोक टेकवलं. एका ठिकाणी जीव गेला, शेजारी काहीच नाही. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, तर त्याच जागी कळ गायब! मला रडूच फुटलं. "ग्लोमस ट्युमर," ते म्हणाले. "कॅन्सरबिन्सर नाही." बोटाच्या टोकाशी गारठा आणि ऊब सांभाळणारं रक्तवाहिन्यांचं बारीक गुंडाळं असतं, त्याची ही गाठ. पूर्वी डॉक्टरही तिला नसेचं दुखणं समजत, कुणाकुणाला तर मनाचा आजार म्हणून परत पाठवत. कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली अशी गाठ पाहिली तेव्हा कुठे उलगडा झाला.

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली, मसुरीच्या दाण्याएवढी. मी डबी मागितली, पण गाठ तपासणीला गेली होती.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी चहा पिता पिता डॉक्टरांचं सगळं बोलणं घरात सांगितलं, अगदी स्वतः शोध लावल्याच्या थाटात. सगळे माना डोलावत होते. बोट माझं, कळ माझी आणि विश्वास बसला तो ह्यांच्यावर, एका कपभर चहात. जाऊबाईंचा हेवा मी विसरले. नवऱ्याचाच वाटू लागला.

सासूबाईंनी माझा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. डोळे पुसत म्हणाल्या, "इतकं दुखत होतं, तं आमाले सांगितलं काहून नाही वं?"