भिंतीवरचं मिशन आणि प्रत्येकाचा गोल

ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. मी नागापूर एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये एचआरला आहे. आमच्याकडे पत्रा येतो आणि ट्रॅक्टरचे ब्रॅकेट होऊन जातो. पण गेल्या वर्षभरात पत्र्यापेक्षा जास्त आवाज गोल-शीटनं, म्हणजे प्रत्येकाच्या वर्षाच्या उद्दिष्टाच्या तक्त्यानं, केला! ऐकाच.

झालं असं की पुण्याहून नवे प्लांट हेड आले, राजहंस साहेब. माणूस वाईट नाही, पण हसताना मी त्यांना बघितलेलं नाही. आल्या आल्या त्यांनी गेटसमोरच्या भिंतीवर कंपनीचं मिशन रंगवून घेतलं. ‘प्रत्येक माणूस सुरक्षित. प्रत्येक पार्ट अचूक. प्रत्येक गाडी वेळेवर.’ मग सगळ्यांना एकत्र बोलावून म्हणाले, "वॉचमनपासून माझ्यापर्यंत प्रत्येकानं आपला गोल लिहायचा. तो या तीन ओळींपैकी एकीला तरी जुळला पाहिजे."

इथवर ठीक होतं. पण पुढचं वाक्य ऐका. "कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांचा वर्षाअखेरीस रिव्ह्यू होईल. गोल पूर्ण झाला, तर पुढच्या वर्षाची शीट भरू आणि पर्मनंट करू. नाही झाला, तर शीट भरणार नाही."

म्हणजे घरी जा! एवढं सरळ कुणी बोलत नाही, पण कळलं सगळ्यांना.

*

पहिला गोल आला वॉचमन भापकर मामांचा. त्यांनी मिशनची पहिली ओळ घेतली, ‘प्रत्येक माणूस सुरक्षित’. आणि ती इतकी मनावर घेतली की काय सांगू!

एके दिवशी कस्टमरचे इन्स्पेक्टर आले. पायात सँडल. मामांनी गाडी गेटवरच अडवली. सेफ्टी शूज नाहीत, आत जायचं नाही! साहेब केबिनमधून धावत गेटवर. मी त्यांच्या मागं.

"मामा, अहो कस्टमर आहेत ते! सोडा!"

मामा काही हलले नाहीत. "साहेब, माझा गोल हाय. आत कुनी आलंच न्हाई, तर अपघात हुईल कसा?"

*

स्टोअरमध्ये लोंढे आहेत. त्यांचा गोल होता, ‘स्टोअरमध्ये सगळा माल कायम हजर’. वाचायला छान वाटतं की नाही? मलाही वाटलं होतं.

पंधरा दिवसांत वेल्डर संदीप माझ्यापुढं उभा. हँडग्लोव्हज फाटलेत आणि लोंढे नवे देत नाहीत. मी तणतणत स्टोअरमध्ये गेले. रॅकवर ग्लोव्हजची चळत, नवीकोरी!

"लोंढे, हे काय मग? संपलेत म्हणून सांगता?"

"संपलेत असं कोण म्हनलं? हायेत की! दिले तर कमी नाय का व्हनार, मॅडम?"

डोकं असं सणकलं ना माझं! शेवटी मीच एक जोड उचलला आणि चालू लागले. मागून ओरडले, "मॅडम, माझ्या शीटवर लिहा मग, की तुमी नेला!"

*

आता रंजनाचं सांगते, कारण माझा जीव तिच्यातच अडकला होता.

रंजना पाथर्डीकडची. माहेर-सासर दोन्हीकडं ऊसतोड. लग्नानंतर सहा महिने गावात आणि सहा महिने कारखान्यावर पालात. मुलगी शाळेत जायची झाली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, आता मी येणार नाही. इथं खोली केली, कॉन्ट्रॅक्टवर प्रेस ऑपरेटर म्हणून लागली. नवरा टेम्पो चालवतो, मिळेल तेव्हा. रोजचं घर हिच्याच पगारावर. सासू फोनवर एकच विचारते, पर्मनंट झालीस का? नसशील तर यंदा कोयता धर.

तिचा गोल भरायला मी बसले. म्हटलं, "सांग, काय लिहू?"

"कोयता न्हाई धरायचा परत."

"अगं, मिशनला जुळणारं सांग!"

ती विचार करून म्हणाली, "मग तुमीच लिहा ताई. मी पुरा करते."

मी लिहिलं, ‘रोजचा ठरलेला पार्टचा आकडा पूर्ण करणार.’ गाडी वेळेवर, या ओळीला एकदम जुळत होतं.

*

आमचे सुपरवायझर गाडे. आवाज मोठा, मन मऊ, आणि स्वतःच्या शीटची धास्ती सगळ्यांत जास्त. त्यांचे गोल दोन. शॉपमध्ये शून्य अपघात आणि शून्य ब्रेकडाऊन.

एकदा संदीपचा तळवा पत्र्यानं चिरला. रक्त थांबेना. अपघात लिहिला की गाडेंचा गोल गेला! गाडेंचं तोंड पांढरं पडलं. रुमाल बांधला, बाईकवर मागं बसवला आणि थेट दवाखाना.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठं लागलं?"

दोघं एका दमात, "घरी!"

"कुणाच्या घरी?"

संदीप म्हणाला, "माझ्या." गाडे म्हणाले, "माझ्या."

शॉपमध्ये सगळे खो खो हसले. मीही हसले. पण टाके पडले होते त्याला, आणि आमच्या अपघातांच्या बोर्डावर शून्य तसंच होतं.

*

आणि ब्रेकडाऊन? तो तर आमच्याकडं होतच नाही! एकदा एक मशीन सकाळपासून ठप्प. मेंटेनन्सचा माणूस शेजारी उकिडवा बसलेला. मी विचारलं, "बंद पडलं का हो?"

"छे! बंद कुठं? थांबलंय फक्त."

"मग चालू कधी होणार?"

"रिव्ह्यू झाल्यावर."

*

रंजनाच्या प्रेसला एक सेन्सर आहे. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. रिव्ह्यूच्या आठवड्यात तो बिघडला. हात आत नसतानाही मशीन थांबायला लागलं. चार पार्ट झाले की थांब, परत चालू कर, परत थांब. आकडा घसरायला लागला. रंजना जेवायची सुट्टी घेईना, पाणी प्यायला उठेना. डबा तसाच घरी न्यायची.

दुरुस्ती करायची तर ब्रेकडाऊन लिहावा लागणार. गाडेंनी काय करावं? सेन्सरची वायर काढून परस्पर जोडून टाकली. मशीन धाडधाड चालायला लागलं, आता हात आत गेला तरी थांबणार नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना मशीनवर आली. दोन-चार पार्ट काढले आणि तिच्या लक्षात आलं. तिनं मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसली. हात मांडीवर.

गाडे धावत आले. "ए, काय झालं? मालाची गाडी उभी हाय बाहेर!"

"सेन्सर न्हाई भाऊ."

"एक दिवसाचा प्रश्न हाय गं! उद्या रिव्ह्यू झाला की लावतो. जपून कर!"

"न्हाई."

"तुझा गोल जाईल रंजना! घरी बसशील!"

"जाऊंद्या."

आवाज ऐकून मी खाली गेले. मी तिच्या स्टुलाशी वाकले, तिचे हात धरले. हात बर्फासारखे गार. म्हटलं, "अगं, सासूला काय सांगशील?" तिचे डोळे भरले, पण उठली नाही. गाडे डोकं धरून उभे. त्या दिवशी गाडी अर्धीच भरून गेली.

*

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू. केबिनमध्ये साहेब, गाडे, लॅपटॉपवर मी, आणि समोर रंजना. मी तिची शीट उघडली.

साहेबांनी स्क्रीनवर नजर टाकली. "आकडा पूर्ण नाही. काल तर मशीन बंदच. का?"

रंजना म्हणाली, "सेन्सर काढला हुता."

"कुणी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. साहेबांनी परत विचारलं, "मी विचारतोय, कुणी?"

गाडे खाली बघून म्हणाले, "मी, साहेब. ब्रेकडाऊन दाखवायचा नव्हता. गोल होता माझा."

साहेब म्हणाले, "गाडे, तुमच्याशी नंतर बोलतो." आणि रंजनाकडं वळले. "हे चुकीचं झालं. पण नियम सगळ्यांना एकच ठेवलाय मी. गोल अपुरा असला की पुढची शीट भरता येत नाही." माझ्याकडं बघून हात केला. "बंद करा. पुढचा माणूस पाठवा."

मी शीट बंद केली.

रंजना उठेना. गाडे हळूच म्हणाले, "चल रंजना." तरी उठेना.

"साहेब, येक सांगू का? ह्या वर्षीचा गोल ताईंनी लिहून दिला हुता. पुढचा माझा मी सांगते."

"पुढची शीट नाही म्हटलं ना मी?"

तिनं दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर ठेवले. पालथे, बोटं फाकून.

"येवढी हायेत आज. वरीस सरलं की मोजून घ्या."

साहेबांनी त्या हातांकडं बघितलं. मग खिडकीतून बाहेर, गेटसमोरच्या भिंतीकडं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम," मला म्हणाले, "नवी शीट उघडा. टार्गेटमध्ये दहा टाका."