पाहुण्यांसाठी पांढरी भिंत

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की जो वास उठतो, तो पुष्कळांना सणाचा वाटतो, नव्या घराचा वाटतो, कुणाला बालपणातल्या दिवाळीचाही वाटतो. त्यांचे बरे आहे. मला तो क्रोधाचा वास वाटतो. तापलेल्या दगडाचा, उष्ण वाफेचा, घशात उतरून तिथेच खरखरत राहणारा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी भाजलेल्या कातडीचा. आजही कुणाच्या अंगणात चुना विझवीत असले तर मी पदर नाकाला लावते आणि वाट बदलते, आणि लोकांना वाटते, म्हातारीला खोकला आहे.

आमची वाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर होती. भोर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षे झाली होती, पण आमच्या उतरणीवर संस्थान असल्याचेही फारसे कळले नव्हते, मग नसल्याचे काय कळणार! आम्हाला कळत ते ऋतू. भाताची कापणी सरली, खळ्यावर पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिल्या आणि कार्तिकातले कोवळे, किंचित तांबूस ऊन ओसरीवर तिरपे उतरू लागले, की वाडीतल्या बायका भिंती करायला घेत. पावसाने पोपडे धरलेला गिलावा खरवडायचा, शेण-माती-भुश्याने खळगे बुजवायचे, आणि ते वाळले की भिजवलेल्या पांढऱ्या मातीत पोतेऱ्याची चिंधी बुडवून हाताच्या एका लांब, वळणदार ओढीने भिंत उजळत न्यायची. खाली वीतभर तांबड्या कावेचा पट्टा, दाराच्या चौकटीला कावेचीच कड. पुरुषांचा या कामाशी काडीचा संबंध नसे. घर त्यांचे, भिंत बायकांची.

माझ्या वहिनीचा हात या कामात असा काही चाले, की उन्हाची तिरीप भिंतीवर पडली म्हणजे तिच्या ओढीच्या कमानी एकीत एक गुंतलेल्या दिसत आणि शेजारणी मुद्दाम बघायला येत. पारू तिचे नाव. लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्याचा हिशेब तिच्या अंगावर मांडत असे. वडील लवकर गेल्यामुळे दादाच घरचा कर्ता. आणि त्याचा राग आम्हाला एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा सांभाळावा लागे. तो उठायच्या आधी उठायचे, तो जेवल्यावर जेवायचे. आई म्हणायची, पुरुषाला राग असायचाच, आणि भाकरी थापायला बसायची. मी भोरला मामांकडे राहून सातवीपर्यंत शिकून आले होते. त्या शिक्षणाचा या घरात एकच उपयोग होता. दादा मला बघायला येणाऱ्यांना ते सांगत असे.

त्या कार्तिकात भोंगवलीचे स्थळ आले. भोंगवली म्हणजे भोर तालुक्याचा पूर्वेकडचा मोकळा मुलूख. आमच्या डोंगरातल्या माणसांना तिथली शेते आणि तिथली माणसे दोन्ही मोठी वाटत. दादाच्या डोक्यात एकच किडा शिरला. भोरच्या बाजाराहून परतताना त्याने बैलगाडीत कळीच्या चुन्याचे पोते आणले आणि धाडकन ओसरीवर टाकले.

"पाव्हणं भोंगवलीचं हाईत. त्यांची घरं चुन्याची असतील. मातीच्या भिती बघून थुकतील आमच्यावं," तो म्हणाला. "पाव्हणं यायच्या आत समदं घर पांढरं फट्ट दिसाया पाह्यजे."

चुना आमच्या वाडीत कुणी खाण्याच्या पानापलीकडे पाहिलेला नव्हता. वहिनीला माती ठाऊक होती. माती रात्रभर भिजत घालतात, तोंड झाकून ठेवतात, सकाळी हात घालून गुठळ्या फोडतात. तिने चुनाही तसाच केला. निमुळत्या तोंडाच्या डेऱ्यात खडे भरले, वरून पाण्याची घागर ओतली, ताटली झाकली आणि गुठळ्या कुठवर भिजल्या ते बघायला शेजारीच बसून राहिली. प्रथम आतून एक गुरगुर आली. मग ताटली थरथरू लागली, वहिनीने ती दाबून धरली, आणि दुसऱ्या क्षणी डेरा फुटला. उकळता, पांढरा लोट तिच्या मनगटांवर, गळ्यावर, पायांवर उडाला. ती किंचाळली तशी किंकाळी मी त्याआधी गुराच्या तोंडूनही ऐकली नव्हती.

मी ताकाचे गाडगे तिच्या हातांवर उपडे केले. तेवढ्यात दादा गोठ्यातून आला. त्याने आधी जमिनीवर सांडलेल्या चुन्याकडे पाहिले आणि मग तिच्याकडे. बैल हाकायची पराणी त्याच्या हातात होतीच. ती पराणी वहिनीच्या पाठीवर वाजत होती आणि तो प्रत्येक फटक्यागणिक विचारत होता, "कशानं करशील आता? कशानं?" मी त्याच्या दंडाला लोंबकळले, तर त्याने मला तशीच भिंतीकडे झटकून दिली. आई चुलीपुढून उठली नाही.

उरलेला चुना वहिनीनेच पसरट घमेल्यात विझवला आणि त्याच भाजलेल्या हातांनी भिंतीला घेतला. कुंचा कुणाच्या ध्यानातच आला नाही. भिंत हाताने करायची असते, एवढेच आम्हाला माहीत. माती हाताला निववते; चुना हात खातो. पहिल्या भिंतीपाशी तिची बोटे सुरकुतली, दुसऱ्या भिंतीपाशी पेरांवर चिरा पडल्या, आणि पुढे चिंधी घमेल्यात बुडाली की पांढऱ्यात एक फिकट गुलाबी रेघ फिरून विरून जाई. मी चिंधी मागितली तर म्हणाली, "तुला दावायची हाय. तुझं हात ऱ्हाऊ देत." तिच्या त्या कमानी मात्र तशाच उमटत होत्या, जणू हात दुसऱ्याच कुणाचे होते.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी ती ओसरीच्या मोठ्या भिंतीवर शेवटचा हात फिरवीत होती. ओला चुना पाण्यासारखा दिसतो. भिंत करडी, डागाळलेली, कुठे पारदर्शक अशी वाटते. वाळल्याखेरीज तो आपला रंग दाखवीत नाही. दादा रानातून आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"ह्यो पांढरा व्हय? पानी फासलंस भितीला?"

"वाळू द्या की वो," वहिनी म्हणाली. "सकाळपातूर उजळंल."

एवढेच. आवाज चढलेला नव्हता, मान वर नव्हती. पण ती उत्तरली होती. दादाने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचे डोके त्या ओल्या भिंतीवर आपटले. पहिल्यांदा आवाज झाला तो मऊ होता, दुसऱ्यांदा कोरडा. ती भिंतीवरून खाली घसरत आली आणि तिच्या मागे एक तांबडी ओढ खालपर्यंत उतरली. दादा तिथेच धापा टाकीत उभा होता, आणि मला आजही सांगता येते, त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नव्हता. काम आटोपलेल्या माणसाचा थकवा होता. मला त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटला. हे मी शांतपणे लिहिते आहे, कारण ते खरे आहे.

सकाळी घर लखलखत होते. कोवळे ऊन भिंतीवरून परतून डोळ्यांत शिरत होते, चौकटींची कावेची कड त्या पांढऱ्यावर रसरशीत दिसत होती. वाडीत कुणी पाहिले नव्हते असे घर. फक्त ओसरीवरची ती तांबडी ओढ, दादाने तिच्यावर सांजेलाच चुन्याचा आणखी एक हात माझ्याकडून मारून घेतलेला असूनही, विटकरी होऊन वर आली होती. आईने खुंटीवर घोंगडी लटकवून ती झाकली. वहिनीला दादाने गोठ्यात नेऊन निजवले आणि आम्हाला बजावले, की ती माहेरी गेली आहे.

मुलगी बघायला तेव्हा पुरुषच येत, पण भोंगवलीकरांच्या गाडीत नवऱ्या मुलाची आईही होती. विधवा, काटक, बोलण्यात तुटक. तिचे दीर दादाशी पिकापाण्याचे बोलत होते आणि ती भिंतीकडे बघत होती.

"भित झ्याक झालीया. कुनी केली?"

"आमच्या कौसानंच की," दादा फुशारून म्हणाला. "शाळा शिकलीया, पर कामाला लई चपळ."

"हात दाव बगू, पोरी."

मी हात पुढे केले. ही तपासणी नेहमीचीच. मुलीचे हात बघतात, चाल बघतात, केस बघतात. तिने माझे तळवे उलटसुलट केले. बोटांच्या टोकांना कुठेकुठे चुन्याने खाल्ले होते, इतकेच. तिने परत त्या भिंतीकडे, आढ्यापासून जमिनीपर्यंत गेलेल्या त्या कमानींकडे पाहिले. घरभर एवढा चुना फिरवलेले हात असे राहत नाहीत, हे तिला सांगावे लागले नाही.

"खरं सांग. भित कुनी केली?"

दादा माझ्याकडे बघत होता. पाहुणे गेल्यावर काय होईल हे मला ठाऊक होते, आणि गोठ्यातल्या बाईचे काय होईल तेही.

"वहिनीनं," मी म्हणाले. "ती म्हायेरी न्हाई. गोठ्यात हाय."

ती उठली. कुणाला न विचारता माजघर ओलांडून मागल्या दारी गेली. मी तिच्या मागे. वहिनी पेंढ्यावर पडून होती, हातांना एरंडाची पाने बांधलेली, कपाळावर हळद थापलेली, एक डोळा सुजून मिटलेला. बाई तिच्याजवळ बसली, पाने सोडून हात पाहिले, पुन्हा बांधले.

"काय झालं गं?"

"पडले म्या."

"व्हय," बाई म्हणाली. "म्या बी लई पडायची."

शेजारी बैल रवंथ करीत होता. मग ती पदर सावरून परत ओसरीवर आली, दिरांच्या कानाशी काही बोलली आणि दादाकडे वळली. मला वाटले, आता ही दादाची चामडी लोळवील. निदान पाणीही न घेता उठून जाईल. तिने दोन्ही हात जोडले.

"पोरगी पसंत हाय, पाव्हणं. एक इनंती हाय. आमच्या बी घराच्या भिती करायच्या हाईत लग्नासाठी. असा हात आमच्याकडं कुनाचा न्हाई. तुमची सून चार दिस धाडा."

"तिला बरं न्हाई," दादा चाचरला.

"गाडीत पेंढा हाय. सावकाश निऊ, सावकाश करंल."

मुलाकडच्यांनी काही मागितले तर मुलीकडच्यांनी नाही म्हणायचे नसते. या एका रिवाजापायी आमच्या मुलुखात किती बापांनी आणि भावांनी माना खाली घातल्या असतील, देव जाणे. त्या दिवशी दादाची मान त्यात अडकली. वर त्याच्या घराची भिंत चारचौघांत वाखाणली गेली होती. तो हसला, किंवा हसल्यासारखे केले.

"न्या की," तो म्हणाला. वहिनी पेंढ्यात बसून गेली. जाताना तिने मागे वळून घराकडे पाहिलेदेखील नाही.

चार दिवसांचे आठ झाले. दादा निरोप धाडी, तर उलटा निरोप येई, अजून एक हात द्यायचा राहिलाय. नंतर येई, पडवी राहिलीय. दादाचा हात तोवर रिकामा बसला नव्हता, मी होतेच. गोठ्याचे नाव माझ्या तोंडून का निघाले, हे त्याने मला पुनःपुन्हा विचारले. आई तेवढी मध्ये पडायची, आणि पडून म्हणायची, "तोंडावं नगं रं, हळद लागायची हाय." आईचे हे वाक्य मला पराणीपेक्षा जास्त लागले आहे. तिला दुसरे काही म्हणता येत असेल, असे मला अजूनही वाटत नाही.

लग्न भोंगवलीला, मुलाच्या दारात झाले. माप ओलांडून आत गेले, डोळ्यांवरच्या मुंडावळ्या बाजूला सारल्या, आणि पाहिले तो सगळे घर मातीचे. साधी, पांढऱ्या मातीने सारवलेली भिंत, जागोजाग जुनी होऊन पिवळसर झालेली. कावेच्या पट्ट्याचा खालचा रंग गुरांनी घासून नेलेला. चुन्याचा एक ठिपकासुद्धा त्या घरात नव्हता. त्या कार्तिकातही नव्हता आणि त्याआधीही कधी नव्हता. ज्यांच्यासाठी एका बाईचे हात जाळले, डोके फोडले, ती माणसे अशा भिंतीच्या आड सुखाने भाकरी खात होती.

दादा माझ्या मागून आत आला होता. त्यालाही ते दिसले. तो भिंतीपाशी गेला, तिच्यावर हात टेकवून उभा राहिला. मग त्याची नजर माजघराच्या दारातल्या वहिनीकडे गेली आणि त्याने हाक मारली, "ए, चल. लई झालं."

सासूबाई पंक्तीत वाढत होत्या. त्यांनी मान वर केली, पण आवाज वर केला नाही.

"बसा पाव्हणं. जेवा. भित व्हायची हाय अजून."

बहिणीच्या सासरी, ऐन लग्नाच्या पंगतीत, भावाने काय करायचे असते? दादा पाटावर बसला. त्याच्या पानात भात पडला, वरण पडले. समोरच्या दारातून आतली बायकांची पंगत दिसत होती. तिथे वहिनी बसली होती, जन्मात प्रथमच कुणाला न वाढता. तिची बोटे आखडून आत वळली होती, त्यांत घास धरला जात नव्हता. सासूबाईंनी हातातले पातेले खाली ठेवले, तिच्याजवळ फतकल मारली आणि वरणभाताचा घास करून तिच्या तोंडापुढे नेला. वहिनीने तोंड उघडले.

दादा बघत राहिला. त्याच्या पानातला भात निवून गेला. त्याला लाज वाटत होती, की भिंत कधी पुरी होणार याचा तो हिशेब करीत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी कळले नाही, आणि पुढे कितीदा आठवून पाहिला तरी कळलेले नाही. वहिनीने मात्र त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. तिला भूक लागली होती आणि ती जेवत होती.